तुझा आवाज माझ्याकडे आहे

पुणे, रविवार, रात्रीचा दीड

प्रिय मृणे,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. २०१९ च्या एप्रिलमध्ये तू 'वोवाका गेला' एवढंच लिहून पाठवलंस आणि मी त्यावर नुसता अंगठा पाठवला. एकतीस वर्षांचा जपानी संगीतकार गेला आणि मी अंगठा दाखवला! पुढे काय तोंडाने लिहायचं म्हणून राहिलं, ते राहिलंच.

घरचं ठीक. बाबांची साखर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच. झालं.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात विम्याचे कागद शोधायला जुनी हार्ड डिस्क लावली, तर त्यात 'मृण अंतिम खरंच अंतिम' नावाचा फोल्डर. उघडला, तर तू. का, कि, कु, के, को. शंभरावर फाइली, एकेका अक्षराची एकेक. माळ्यावरची खोली, खिडकीला लावलेली गादी, मी मायक्रोफोनला मोजा घातलेला, सगळं आठवलं. शेवटी एक फाइल 'ळ'ची. जपानीत ळ नाही हे माहीत असूनही तू तो हट्टाने रेकॉर्ड केला होतास. एवढ्या वर्षांत बिचाऱ्याला एकही गाणं मिळालेलं नाही.

उताउ, ते रेकॉर्ड केलेल्या अक्षरांना गायला लावणारं जपानी सॉफ्टवेअर, अजून चालतं गं. फक्त लॅपटॉपची सेटिंग जपानी करावी लागते, नाहीतर फाइलींच्या नावांचा पार चिवडा होतो. प्रत्येक अक्षराचं व्यंजन कुठे संपतं, स्वर कुठून ताणायचा, ते आकडे तूच भरून ठेवले होतेस, तेही माझ्यापेक्षा नेटके. म्हटलं, एक ओळ वाजवून बघू. एका ओळीवर थांबणारी असते तर मी कसली!

पहिलं 'साइहाते' घातलं. २००८ चं, कोबायाशी ओनिक्सचं. ताल असा की पाय आपोआप हलतो, आणि अर्धं झाल्यावर लक्षात येतं की हे गेलेल्या माणसाला निरोप देणं चाललंय. मूळ मिकूचं, त्या संगणकावरच्या गायिकेचं, ऐक परत, पण एकटी असताना. तुझ्या आवाजात मात्र एक गोची झाली. तुझ्या 'मे'च्या मागे आमच्या कुकरची शिट्टी आहे. अक्षर एकदाच रेकॉर्ड केलेलं, त्यामुळे गाण्यात जिथे जिथे 'मे' येतो तिथे तिथे वरण शिजतं.

आईला ऐकवलं. ती म्हणाली, "हा आपला जुना कुकर." नुसत्या शिट्टीवरून ओळखला! मग विचारलं, "आणि गातेय कोण?" मी म्हटलं, "आहे एक जपानी." का खोटं बोलले, ठाऊक नाही. तेव्हापासून झोप नाही.

कारण बघ, फुजिता साकीने मिकूसाठी आवाज दिला तो व्यवसाय म्हणून. ३१ ऑगस्ट २००७ ला साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने तो खोक्यात घालून विकायला काढला, सगळं राजरोस. कासाने तेतो ही तर मुळात मिकूसारखी नवी गायिका आल्याची १ एप्रिल २००८ ची थाप, आणि त्या थापेच्या नावाने २०२३ मध्ये खरंखुरं सॉफ्टवेअर निघालं. (त्याच वर्षीचं तेतोचं 'ओव्हरराइड' ऐकलंस का? नसशील तर हातातलं काम टाकून ऐक.) पण तू? तू तेव्हा गंमत म्हणून हो म्हणालीस. त्यानंतर गाणं सोडलंस. का, ते मी विचारायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून विचारत नाही. पण ती सोडलेली वस्तू मी रात्री दीड वाजता उचलून वाजवतेय, तुला न विचारता. मिकू कायम सोळाची असते. तू त्या फोल्डरमध्ये बावीसची आहेस, आणि तुझा वरचा सूर फाटत नाही.

दुसरं वोवाकाचं 'रोलिंग गर्ल' घातलं. अर्थातच. मोठा संगीतकार हाची की वोवाका यावर कँटीनमध्ये आपलं किती भांडण! तुझा हाची 'मात्र्योश्का' करून स्वतःच गायला लागला, योनेझू केन्शी झाला ('लेमन' तर पुढे २०१८ ला घराघरात वाजलं) आणि तू माझ्या नाकावर टिच्चून नाचलीस. २०१७ ला दोघांनीही मिकूच्या दहाव्या वर्षासाठी पुन्हा तिच्याकडून गाऊन घेतलं, तेव्हा कुठे आपला तह झाला. माझ्या वोवाकाचं 'अननोन मदर गूज' मला अजून सलग ऐकवत नाही. तुझ्या हाचीचं 'सुना नो वाकुसेई' चांगलंच आहे, हे आज पहिल्यांदा लेखी देते. जपून ठेव.

तर 'रोलिंग गर्ल'. शब्दांवर शब्द असे आदळतात की गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही, आणि गाणं संपतं तेच श्वास रोखण्यावर. तू ते गायलीस, एकदाही न थांबता. तिथे मला कळलं काय चुकतंय ते. तू ओळ उचलण्याआधी जो मोठ्ठा श्वास घ्यायचीस, ज्यावरून क्लासातल्या बाई "मृणाल, भात्याची पेटी बंद कर" म्हणायच्या, तो कुठेच नाही. आपण सगळी अक्षरं घेतली, ळ सुद्धा घेतला, श्वास घेतलाच नाही.

तुझं काय? नागोयातलं घर लावून झालं का? ओवी शाळेत रमली? सासूबाई आल्या होत्या म्हणे, त्यांना तिकडचा उन्हाळा सोसला का? आणि 'डबल लॅरिएट' ओवीला ऐकव. हात पसरून गोल फिरणाऱ्याचं गाणं आहे, ८५ सेंटीमीटरपासून सुरू होतं. तिला टेप घेऊन मोजायला मजा येईल.

आता तूच सांग. नको असेल तर फक्त 'नको' लिही, मी फोल्डर पुसून टाकते, कारण विचारणार नाही. चालणार असेल तर फोनवर दोन-तीन श्वास रेकॉर्ड करून पाठव. मोठे, बाईंना आवडायचे नाहीत तसले. आणि तेवढा वेळ गॅसवर कुकर ठेवू नकोस.

तुझी,
अंगठेबहाद्दर