सहाशेची लेन्स राहू द्या, पौर्णिमा गाठा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

2 ऑगस्ट 2027 चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला इजिप्तमधल्या लक्सरला जाणाऱ्यांची कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या फोटो स्टुडिओत आतापासूनच ये-जा सुरू झाली आहे. तिथं सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला राहणार, तेव्हा हौस समजू शकतो. पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "मामा, केवढी लेन्स घेऊ?" एकजण तर हप्त्यावर सहाशे मिलिमीटरची लेन्स घ्यायला निघाला होता. घरात 70-300 मिलिमीटरची झूम लेन्स पडून असेल तर ते पैसे तिकिटाला ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो.

तीनशेवर सेन्सरवर सूर्य जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा उमटतो. बारका वाटेल, पण प्रभामंडल, म्हणजे सूर्य झाकल्यावर दिसणारं तेजोवलय, त्याच्याभोवती लांबवर पसरलेलं असतं. फार जवळ गेलात तर नेमकं तेच फ्रेमबाहेर जाईल.

खरी गोची उजेडाची. आतलं प्रभामंडल साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढं उजळ, तर बाहेरचे पदर शंभरपट मंद. एका शटरस्पीडमध्ये दोन्ही मावत नाहीत. म्हणून लेन्सचं छिद्र एफ 8 आणि सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ 100 कायम ठेवायची आणि शटर सेकंदाच्या 1/1000 पासून एक सेकंदापर्यंत उतरवत न्यायचं. सुरुवातीला कडेच्या तांबूस ज्वाळा मिळतात, शेवटी लांब झोत. सेकंदाच्या पुढे गेलात तर साध्या ट्रायपॉडवर फोटो पुसट होतो, कारण पृथ्वी फिरतेय. फोकस मॅन्युअलवर, रिंगला चिकटपट्टी, आणि फ्लॅश बंद. (हेही सांगावं लागतं!)

खंडग्रास असेपर्यंत लेन्सच्या पुढच्या तोंडावर सौर फिल्टर हवाच. एक्स-रेची फिल्म अजिबात नको. सूर्य पूर्ण झाकला की फिल्टर काढायचा, कडेला उजेड फुटला की लगेच चढवायचा. घाईत तो काढायचा राहिला तर सहा मिनिटं नुसतं काळं.

तालमीला चंद्रासारखा गुरू नाही. आकाशात तो सूर्याएवढाच दिसतो. दर पौर्णिमेला रंकाळा तलावावर स्टँड लावा, मोबाइलची बॅटरी न पेटवता बटणं चाचपा. अंबाबाईच्या किरणोत्सवात, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीवर येतात तेव्हा, उजेड कसा क्षणाक्षणाला सरकतो आणि मेनू शोधत बसणाऱ्याचं काय होतं, हे आपल्या छायाचित्रकारांना विचारा.

त्या दिवशी संध्याकाळकडे कोल्हापुरातही खंडग्रास आहे, पण आषाढ अमावास्या, म्हणजे ढगांचाच कारभार. उघडीप मिळालीच तर घरची चाळणी उन्हात धरा. मागे भिंतीवर एका बाजूनं कुरतडलेले सूर्यच सूर्य पडतील, आणि त्यांचा फोटो कुठल्याही मोबाइलवर येतो.

एक विनंती. 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रासचा पट्टा हुबळीवरून गेला होता, इथून एसटीनं जाण्याजोग्या अंतरावर. आम्हा पोरांना मात्र दारंखिडक्या लावून घरात कोंडलं होतं. त्या दिवशी कोल्हापुरातून कुणी रोलचा कॅमेरा घेऊन तिकडे गेलं असेल, तर त्यांचे फोटो आपण मागवून छापावेत. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यात काय सापडलं, हे हप्ते काढणाऱ्यांना बघू दे.

— एक स्टुडिओवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर