‘हलाल’ छापलेल्या जेली गोळ्यांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: घटकांचा उगम न सांगता पाकिटावर ‘हलाल’ असा उल्लेख केल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या जेली गोळ्यांच्या पाकिटावर दर्शनी बाजूस ‘हलाल’ असे ठळक छापलेले आहे. मागील यादीत मात्र नुसते ‘जिलेटिन’ लिहिले असून ते कोणत्या प्राण्याचे, याचा उल्लेख नाही आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नावही कुठे आढळत नाही. याबाबत लेखी विचारणा केली असता, ‘या उत्पादनात डुकराचे मांस नाही, त्यामुळे ते हलाल आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. माझी तक्रार गोळ्यांपेक्षा या उत्तराविषयी अधिक आहे.

डुक्कर वर्ज्य आहे हे आमच्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते; तेवढ्यासाठी मी पत्र लिहिले नसते. जिलेटिन डुकराच्या कातडीपासून होते, तसे गुरांच्या कातडी-हाडांपासून आणि माशांपासूनही होते. माशाचे असेल तर प्रश्नच मिटला. गुरांचे असेल, तर ते जनावर अल्लाहचे नाव घेऊन रीतीप्रमाणे जबह केले, म्हणजे कापले होते का, हे कळल्याखेरीज माझ्यासारखा ग्राहक ते पाकीट उघडणार नाही. प्रक्रियेत पदार्थाचे मूळ रूप पूर्णपणे पालटले की त्याविषयीचा धार्मिक हुकूमही बदलतो, असे मानणारे काही उलेमा, म्हणजे धर्मपंडित आहेत. अनेकांना जिलेटिनच्या बाबतीत ते मान्य नाही. यादीतील ई-१२० हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून मिळतो. इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी हनफी मतानुसार तो वर्ज्य ठरतो, तर मालिकी मतात कीटकांबाबत मुभा आहे. ई-४७१ हा तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक वनस्पती तेलापासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. हे मतभेद सोडवणे आपले काम नाही, पण पदार्थ कशापासून आला हे सांगणे आपलेच काम आहे, कारण ते आपल्याशिवाय कोणालाच माहीत नसते. ते न कळल्यास असा पदार्थ ‘मशबूह’, म्हणजे संशयास्पद ठरतो आणि संशयास्पद गोष्टींपासून दूर राहण्याची शिकवण हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच आहे.

आमच्या बाजूनेही चूक होते, हे मान्य करतो. ‘शाकाहारी’ हा शब्द पाहून निश्चिंत होणारे आमच्यात पुष्कळ आहेत. स्वादद्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असू शकते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मीही बराच काळ त्यांतलाच होतो. म्हणूनच ‘हलाल’ हा शब्द छापणाऱ्याने तो अधिक जबाबदारीने वापरावा, अशी माझी अपेक्षा आहे.

अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स अलिमेंटेरियस आयोगाच्या १९९७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकाच कारखान्यात हलाल आणि इतर पदार्थ वेगवेगळ्या विभागांत तयार करता येतात, मात्र त्यांचा एकमेकांशी संपर्क होणार नाही अशी व्यवस्था हवी. आपल्याकडे ती आहे का, हेही कळवावे.

जिलेटिन आणि ई-४७१ यांचा उगम, स्वादद्रव्यातील द्रावक आणि प्रमाणपत्राची प्रत १५ दिवसांत लेखी पाठवावी. प्रमाणपत्र नसेल, तर तो शब्द पाकिटावरून काढावा आणि माझे पैसे परत करावेत. न उघडलेली दोन पाकिटे, उत्पादन गटाच्या क्रमांकासह, मी जपून ठेवली आहेत.

आपला,
एक ग्राहक