आघाडीसोबत फेरीही सांगा

संपादक महोदय,

दूरचित्रवाणीच्या ज्येष्ठ राजकीय वार्ताहरांवरील आपल्या लेखात त्यांनी घेतलेल्या मुलाखतींचीच मोजदाद झाली. त्यांची खरी कसोटी लागते मतमोजणीच्या दिवशी, आणि तिच्याबद्दल लेखात एक ओळही नाही, याचे वाईट वाटले.

सकाळी ८ वाजता टपाली मते मोजायला घेतात, मतदान यंत्रे ८.३० नंतर. मधल्या अर्ध्या तासात पडद्यावर फिरणारे कल फक्त टपाली मतांचे असतात. मुरलेला वार्ताहर तसे बजावून सांगतो, नवखा ‘आघाडी’ म्हणून मोकळा होतो. पुढे साधारणपणे १४ टेबलांवर फेऱ्या चालतात; एका फेरीत दर टेबलावर एका मतदान केंद्राची मते मोजतात, म्हणजे २८० केंद्रे असली तर २० फेऱ्या. केंद्रांचे क्रमांक भागवार लागलेले असतात. त्यामुळे तिसऱ्या फेरीअखेर मोजलेली ४२ केंद्रे बहुधा एकाच भागातली निघतात. इंदूरजवळच्या राऊसारख्या शहर आणि खेडी दोन्ही असलेल्या मतदारसंघात हे फार जाणवते. कोणत्या फेरीत कोणती वस्ती उघडणार, हे जुन्या वार्ताहराच्या वहीत आदल्या रात्रीच लिहिलेले असते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो फेरीची आघाडी आणि एकूण आघाडी यांत. उमेदवार एकूण ५,००० मतांनी पुढे आहे आणि पाचव्या फेरीत ८०० मतांनी मागे पडला, तर त्याच्याकडे ४,२०० ची आघाडी उरतेच. पण स्ट्रिंगरकडून (वाहिनीच्या स्थानिक अर्धवेळ बातमीदाराकडून) ‘८०० ने मागे’ एवढाच निरोप आला, की पडद्यावर तो पिछाडीला जातो. मोजणीच्या दालनात मोबाइल नेता येत नाही. बाहेर आलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीच्या चिठ्ठीवरचा आकडा म्हणूनच कच्चा धरायचा आणि अधिकाऱ्याच्या सहीचा फेरीचा तक्ता पाहूनच बोलायचे. कानातल्या इअरपीसमध्ये स्टुडिओ ‘कोण जिंकतंय?’ म्हणून टोचत असताना ‘अजून ९ फेऱ्या बाकी आहेत’ एवढेच सांगायला फार मोठा धीर लागतो. तो वर्षानुवर्षांच्या सरावानेच अंगी येतो.

११ डिसेंबर २०१८ ला हाच धीर कामी आला. मध्य प्रदेश विधानसभेच्या २३० जागांपैकी काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ मिळाल्या, पण हे चित्र पक्के व्हायला दुसरी सकाळ उजाडली. ग्वाल्हेर दक्षिणचा फैसला अवघ्या १२१ मतांनी झाला. आपल्या इंदूरचेच पाहा: भाजपच्या सुमित्राताई महाजन लोकसभेवर २००९ मध्ये साडेअकरा हजारांच्या आसपास मतांनी निवडून आल्या, तर २०१४ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध साडेचार लाखांहून अधिक मतांनी. मागच्या वेळचा आकडा जिभेवर असलेला वार्ताहरच पहिल्या दोन फेऱ्यांत या बदलाचा अंदाज बांधू शकतो.

वाहिन्यांना आणि आपल्याही संकेतस्थळाला विनंती अशी, की पडद्यावरच्या पट्टीवर नुसते ‘४,२०० ने पुढे’ न लिहिता ‘४,२०० ने पुढे, फेरी ५/२०’ असे लिहावे. नव्या वार्ताहरांना माइक देण्याआधी एका जुन्या निकालाचे फेरीनिहाय तक्ते हाताने बेरीज करायला द्यावेत. दोन दिवसांचे काम आहे.

आपले,
राजकीय वार्तांकनातील काही निवृत्त सहकारी, इंदूर