जुन्या बिल्डिंगला कर्ज कोण देणार?

मा. संपादक,

सोलर लावा, वीज वाचवा असं सगळीकडून सांगतात, पण म्हाडाच्या अल्प उत्पन्न गटातल्या आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगनी हे करायचं कुठल्या पैशातून यावर कोणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र.

पीएम सूर्यघर योजनेचंच बघा. स्वतःचं छत असलेल्या घराला ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, म्हणजे किलोवॅटमागे २६ हजार. सोसायटीला मात्र किलोवॅटमागे १८ हजार आणि ते पण फक्त कॉमन वापरासाठी, म्हणजे पंप, लिफ्ट, जिन्यातले लाईट. बंगलेवाल्याला जास्त आणि वन रूम किचनवाल्याला कमी, हे सरळ सरळ उलटं आहे.

आणि नुसत्या सोलरने भागत नाही. इथे नाशिकला एप्रिल-मे मध्ये वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री अकराला पण तापलेला असतो, पंखा गरम हवाच फेकतो. गच्चीला नीट वॉटरप्रूफिंग करून वर पांढरा चायना मोझॅक, भिंतींच्या भेगा भरून प्लास्टर, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे, जुना पंप बदलणं, घरोघरी कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे (जुना ७५ वॅटचा, हा ३० च्या आसपास, दिवसाला बारा तास धरले तर पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात), हे सगळं एकदाच परांची बांधलेली असताना केलं तर स्वस्तात होतं. आम्ही करतो काय, तर यंदा गच्चीचा एक कोपरा, पुढच्या वर्षी एक भिंत, कारण फंडात तेवढेच असतात.

सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे (आदर्श उपविधी) रिपेअर फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचे पैसे) पाव टक्का. पण हा खर्च बिल्डिंग बांधली तेव्हाचा. तेव्हा घरामागे लाखभर धरला तर दोन्ही मिळून वर्षाला हजार रुपये होतात, त्यात आजच्या भावाने काय येणार? वर्गणी वाढवायची म्हटलं की पेन्शनवाले आणि रोजंदारीवाले अडचणीत येतात, त्यांचंही खरं आहे.

बँकेत गेलो तर पहिला प्रश्न तारण काय. जमीन सोसायटीच्या नावावर नाही, कन्व्हेयन्स (ती नावावर करून घेण्याचं काम) रखडलेलं, विषय संपला. लोक म्हणतात थांबा, रिडेव्हलपमेंट होईल, पण ते मुंबईत ठीक, जिथे वरचे फ्लॅट विकून बिल्डरला नफा सुटतो. आमच्या भागात बिल्डर फिरकत नाही, मग अजून पंधरा वर्षं असंच भाजत राहायचं का?

मुंबईत जिल्हा मध्यवर्ती बँक सोसायट्यांना स्वयंपुनर्विकासासाठी, म्हणजे बिल्डरशिवाय स्वतःच बिल्डिंग नव्याने बांधायला, कर्ज देते ना, मग आहे ती बिल्डिंग सुधारायला का नको? सरकारने बँकेला हमी द्यावी, कर्ज सोसायटीच्या नावावर आणि हप्ता मेंटेनन्स बिलातून, म्हणजे फ्लॅट विकला तरी पुढचा मालक तो भरेल. पंप, पंखे, सोलर यांचा हप्ता वाचलेल्या लाईट बिलातून निघू शकतो. गच्ची आणि प्लास्टरचा पूर्ण निघणार नाही हे मान्य, तिथे अनुदानच लागेल, आणि ते अल्प उत्पन्न गटाला आधी मिळावं. घरं कमी तापावीत, वीज कमी लागावी यासाठीची केंद्राची इको निवास संहिता २०१८ मध्ये आली पण ती नव्या बिल्डिंगसाठी, आणि लोक राहतात ते जुन्यात.

महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था) आणि सहकार खात्याने निदान एका जिल्ह्यात दहा-वीस सोसायट्या घेऊन सुरुवात करावी. जनरल बॉडीचा ठराव आम्ही लगेच करून देतो.

- एक सोसायटी सदस्य, नाशिक