जुन्या जीपच्या इंजिनला सरळ मार्ग द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत, मोठं इंजिन टाकायचं फॅड आता आमच्या तालुक्याच्या गॅरेजपर्यंत आलंय. कुणी महिंद्राच्या एमएम 540 जीपमध्ये बोलेरोचं इंजिन टाकतोय, कुणी मारुतीच्या जिप्सीत जुन्या बलेनोचं 1600 सीसी टाकतोय, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरत असतात, गाडी चिखलातून दणक्यात बाहेर येते आणि लोक टाळ्या वाजवतात. मला त्यात वाईट काही वाटत नाही, उलट जुनी गाडी भंगारात जाण्यापेक्षा चालती राहिली तर चांगलंच आहे. पण ह्या कामात ब्रेक कुणी तपासले, वेल्डिंग कुणी तपासलं, हे विचारणारं आपल्याकडे कुणी नाही, त्याबद्दल हे पत्र.

आमच्या घरी वडिलांनी घेतलेली एमएम 540 आहे. पाटणच्या वर पठारावर रान आहे आणि पावसाळ्यात तिथे खताच्या गोण्या न्यायच्या तर दुसरी गाडी टिकत नाही. इंजिन अजून मूळचंच आहे, महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या लायसन्सवर बनवलेलं एक्सडीपी 4.90, 2112 सीसी डिझेल. सपाटीला गोड चालतं, पण चार गोण्या आणि दोन माणसं घेऊन उभ्या चढाला लागलं की पहिल्या-दुसऱ्यातच खेळत बसावं लागतं. त्यामुळे मोठं इंजिन का हवंसं वाटतं ते मला कुणी सांगायला नको.

सगळ्यात जास्त टाकतात ते महिंद्राचंच 2523 सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल. आता लोकांना वाटतं चारशे सीसी वाढले म्हणजे गाडी पळणार, तर तसं होत नाही. हॉर्सपॉवर बघितली तर दोन्ही इंजिनं साठीच्या आसपासच आहेत, फरक आहे तो खालच्या आरपीएमला मिळणाऱ्या टॉर्कचा, म्हणजे ओढीचा, म्हणून चढाला डीआय भारी. पण प्यूजो साडेचार हजारापर्यंत फिरतं आणि डीआयचा जोर 3200 च्या आसपासच संपतो. जुन्या जीपचं क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली गिअरची जोडी, मुळात शेताच्या कामासाठी हळू ठेवलेलं, त्याआधीच्या सीजे थ्री बी जीपचं तर 43 बाय 8 दातांचं होतं, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट पाच वेळांपेक्षा जास्त फिरतो. असल्या क्राऊन-पिनियनवर डीआय टाकून गिअरबॉक्स जुनाच ठेवला तर हायवेला गाडी आधीपेक्षा हळू होते आणि साठलाच इंजिन ओरडायला लागतं. मग मालक मेकॅनिकच्या नावाने बोंबलतो. म्हणजे इंजिनबरोबर पाच गिअरचा बॉक्स किंवा क्राऊन-पिनियन बदलायचा खर्च धरायलाच पाहिजे, तो इंजिन विकणारा सांगत नाही.

कराडच्या एका गॅरेजमध्ये हे काम मी जवळून बघितलंय. इंजिन खाली सोडलं तर ऑइल चेंबर पुढच्या एक्सलच्या हाउसिंगच्या अगदी वर आला, उभ्या गाडीत चार बोटं जागा दिसत होती, पण मेकॅनिकने पुढच्या पाट्यांवर जॅकने दाब दिला आणि दोन्ही लोखंडं एकमेकाला टेकली. म्हणजे पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चेंबर फुटला असता. मग इंजिन वर उचललं, तर फॅन रेडिएटरच्या मधोमध राहिना, वरच्या निम्म्या जाळीलाच हवा मिळणार. मग फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते, ब्रॅकेट कापून पुन्हा वेल्ड केले, इंजिन थोडं मागे घेतलं, तर प्रोपेलर शाफ्टचा अँगल बिघडला, तो तसाच ठेवला असता तर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस सहा महिन्यांत गेले असते. हा मेकॅनिक चिकाटीचा होता, त्याने शाफ्ट लेथवर नेऊन कापून बॅलन्स करून घेतला आणि रेडिएटरला फॅनभोवतीचा नवीन शराऊड (हवेचं आवरण) बनवला. पण असं करणारे किती आहेत? बरेच जण हातोड्याने चेंबर आत ठोकतात आणि गाडी देऊन टाकतात.

आणि ब्रेक! जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आहेत, बऱ्याच गाड्यांना ब्रेक हलका करणारा बूस्टर नाही. चढाला जोर मिळाला म्हणून माणूस दुप्पट माल भरतो, पण तोच माल घेऊन कुंभार्ली घाट उतरायचाही असतो. पुढे डिस्क आणि बूस्टर घालणं म्हणजे परत वेगळं काम, शिवाय डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा व्हॅक्युम आपोआप मिळत नाही, अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्युम पंप लागतो, तो नसेल तर बूस्टर नुसता शोभेला. माझ्या मते ज्याला ब्रेकचा खर्च परवडत नाही त्याने इंजिनला हात लावू नये. आधी मूळ इंजिनचं काम नीट करून घ्यावं, पंप कॅलिब्रेट करावा, नोझल बघावेत, कॉम्प्रेशन बघावं. आमच्या जीपचं तेवढंच केलं तर धूर गेला आणि चढाला एक गिअर वाचला. निम्म्या लोकांचा प्रश्न एवढ्यातच सुटेल.

पण उरलेल्या निम्म्यांचं काय? मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पण त्याच कलम 52 मध्ये सीएनजी किट बसवायला वाट ठेवलीय, बॅटरीवर गाडी करायलाही ठेवलीय. किट मंजूर करून घ्यायचं, नियमाप्रमाणे बसवायचं, आरसीवर नोंद करायची. म्हणजे जुन्या जीपमधून अख्खं इंजिन काढून मोटर बसवायला कायद्यात जागा आहे, पण 1990 च्या आधीचं, प्रदूषणाचा एकही नियम न बघितलेलं डिझेल काढून बीएस 4 थारचं सीआरडीई, म्हणजे नव्या पद्धतीचं कॉमन रेल डिझेल, बसवायला जागा नाही, जरी त्याचा धूर कितीतरी कमी असला तरी. हे कुणाच्या हिताचं आहे ते मला खरंच समजत नाही.

बंदीमुळे काम थांबलेलं नाही, ते लपून होतंय. लपून होतंय म्हणून इंजिन कुर्ल्याच्या नाहीतर दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारातून बिलाशिवाय येतं, ते चोरीच्या गाडीचं आहे का हे कुणी बघत नाही. काही जण तर जुना इंजिन नंबर नव्या ब्लॉकवर ठोकतात, हा सरळ गुन्हा आहे आणि ह्याला माझा अजिबात पाठिंबा नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आरसीवरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर जुळवतात आणि क्लेम अडकतो, मग समोरच्या जखमी माणसाने कुणाकडे बघायचं?

ऑस्ट्रेलियात जुन्या टोयोटा लँड क्रूझर आणि निसान पॅट्रोल गाड्यांना मोठी इंजिनं घालायची पद्धत आपल्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. तिथे व्हीएसबी 14 नावाची नियमावली आहे. गाडीच्या वजनाच्या हिशोबाने केवढं इंजिन चालेल त्याची मर्यादा आहे, ब्रेक आणि बाकीचे भाग त्या इंजिनाला पेलतात का ते बघतात, इंजिन प्रदूषणाच्या बाबतीत गाडीपेक्षा मागासलेलं चालत नाही, आणि मान्यताप्राप्त इंजिनिअर तपासून सही करतो तेव्हाच नोंद होते. ज्याला एवढं सगळं करायचं नाही तो आपोआप बाजूला पडतो.

आपल्याकडे हे का होऊ नये? पुण्यात एआरएआयसारखी वाहनं तपासणारी संस्था 1966 पासून आहे, गाड्यांची आणि किटची तपासणी तिथे रोजच चालते. प्रत्येक शेतकऱ्याची जीप पुण्याला आणा असं मी म्हणत नाही, ते कुणालाच झेपणार नाही. ज्या जोड्या वर्षानुवर्षं चालत आल्यात, म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये महिंद्राचंच डीआय, 1300 च्या जिप्सीत मारुतीचंच 1600, जे त्याच बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरवर) बसतं, अशा चार-पाच जोड्या एकदा तपासून घ्याव्यात आणि त्यांच्याबरोबर कुठले ब्रेक, कुठला गिअरबॉक्स, फाउंडेशन कसं, ह्याचा नकाशा जाहीर करावा. तेवढंच मान्य, बाकी काही नाही. इंजिनचं पक्कं बिल आणि ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद जोडायचे, आरटीओने लोडसकट ब्रेक टेस्ट घ्यायची आणि नवीन नंबर आरसीवर चढवायचा. कायदा केंद्राचा आहे, दुरुस्ती दिल्लीतूनच होईल हे मान्य, पण आपल्या परिवहन खात्याने प्रस्ताव तरी पाठवावा, महिंद्राच्या जीपचा इतिहास ह्याच राज्यात सुरू झाला, त्यांनी पहिल्या जीप जोडल्या त्या मुंबईत माझगावला.

फी घ्या, आमची ना नाही. 2022 मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या री-रजिस्ट्रेशनची फी सहाशेवरून पाच हजार केली तेव्हाही लोकांनी भरलीच, जीप विकली नाही. त्याच री-पासिंगला गाडी आरटीओत उभी असतेच, इंजिनची नोंद आणि ब्रेकची तपासणी त्याच दिवशी करता येईल.

आपला,
एक जीपमालक वाचक
पाटण, जि. सातारा