कपाटातला मधला कप्पा

प्रिय सये,

परवा फोनवर तू विचारलंस, "काय गं, दिवस मोजतेस ना?" आणि मी "हो हो" म्हणून विषय बदलला. धाकटी शेजारीच अभ्यासाला बसली होती, तिच्यादेखत काय बोलणार? फोन ठेवल्यावर वाटलं, निदान तुझ्याशी तरी खरं बोलावं. म्हणून हे पत्र. तशी आपली मैत्री पत्रांवरच पोसलेली. फौजी क्वार्टर सुटल्यावर तू एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि भाऊजी काय नि हे काय, दोघंही 'द्वारा 56 एपीओ', म्हणजे फौजेच्या टपालाच्या पत्त्यावर. नवरा नेमका कुठल्या डोंगरावर आहे ते त्या पत्त्यावरून देवालाही कळलं नसतं, पण पत्र मात्र पोचायचं.

तर, मोजतेय. 30 सप्टेंबर 2026. त्या दिवशी ह्यांची फौजेतली सव्वीस वर्षं भरतात.

तू म्हणशील, तारीख तर दोन वर्षांपूर्वीही आली होती. आली होतीच. हवालदाराची चोवीस वर्षं सप्टेंबर 2024 मध्ये भरत होती. मी सगळ्यांना सांगून बसले होते. पुढची दोन वर्षं कशी मिळतात ते तुला ठाऊक आहे, बोर्डानं फिट ठरवावं लागतं आणि माणसानं स्वतः 'तयार आहे' असं लिहून द्यावं लागतं. ह्यांनी दिलं लिहून. मला न विचारता. आणि सांगितलं कसं, तर फोनवर बोलता बोलता, "अगं, विलिंग दिलंय मी." उद्या नळाला पाणी येणार नाही, असं सांगावं ना, त्या सुरात.

मी अबोला धरला. पण फील्डमधल्या माणसाशी अबोला धरणं किती कठीण, तूही करून पाहिलंयस. तीन दिवसांनी एकदा फोन लागणार, त्यात आपण गप्प बसलो तर पलीकडून आवाज येतो, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" आपला राग त्यांना नेटवर्कचा दोष वाटतो. चौथ्या 'हॅलो'ला मीच हसले नि संपला माझा अबोला.

कारणं त्यांनी व्यवस्थित सांगितली. थोरल्याचं शिक्षण, घराचं कर्ज. दोन्ही खरी. पण पुढच्या सुट्टीत एका रात्री अंधारात म्हणाले, "बाहेर येऊन मी करू काय?" मी झोपल्याचं सोंग घेतलं. अजून वाईट वाटतं त्याचं.

आणि त्या वाढवून घेतलेल्या दोन वर्षांतच मे 2025 आला. हे सुट्टीवर होते, जेमतेम नववा दिवस. 7 मेच्या सकाळी 'ऑपरेशन सिंदूर'ची बातमी आली, आणि दुपारपर्यंत परत बोलावल्याचा निरोप. वीस मिनिटांत निघाले. वीस मिनिटांत, कारण ट्रंक भरायची नव्हतीच, ती कधी रिकामीच होत नाही. पुढचे तीन-चार दिवस मी टीव्ही लावला नाही. धाकटी मोबाइलवर बघायची नि मी तिच्या तोंडाकडे. 10 तारखेला संध्याकाळी तिचा चेहरा सैल झाला तेव्हा मला कळलं, की थांबलंय. त्यांचा फोन त्यानंतरही लगेच आला नाही. त्या दिवसांत त्या 'विलिंग'च्या कागदावर मी मनात काय काय लिहिलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ट्रंकेचं बोलले, तर तेच सांगायला मुळात बसलेय.

तू आमची ती काळी ट्रंक पाहिलीयस. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. हुद्द्याच्या जागी थरावर थर आहेत. 'सिपाही' खरवडून 'नायक', आणि 'नायक'वर 'हवालदार'. सकाळी खिडकीतून तिरका उजेड पडला की हवालदारातल्या 'ह'च्या पोटातून जुना 'सि' डोकावतो. एका कोपऱ्याला पोचा आहे, कडीला दोरी बांधलीय. सुट्टीवर आले की ही ट्रंक पलंगाच्या पायथ्याशी येते आणि सुट्टी संपेपर्यंत तिथेच असते. ह्यांचे कपडे त्यातच. बनियन हवं, ट्रंक उघडा. टॉवेल ठेवायचा, ट्रंकेत. कपाट आहे घरात, तीन कप्प्यांचं. वरचा मुलांचा, मधला नि खालचा माझा. माघात साफसफाई करताना लक्षात आलं, एकवीस वर्षांच्या संसारात ह्यांचा एक कप्पा नाही या घरात. त्यांनी मागितला नाही आणि मला सुचलं नाही.

मग बसले हिशेबाला. वर्षाची साठ दिवस सुट्टी, वर तीस दिवस कॅज्युअल. कागदावर नव्वद. पूर्ण नव्वद किती वर्षं मिळाले? 2020 मध्ये तर सुट्ट्याच थांबल्या, नऊ महिने तोंड दिसलं नाही. ग्लेशियरवर होते त्या वर्षी परत आले तेव्हा धाकटी त्यांच्याकडे जाईना, माझ्यामागे लपून "हे काका कधी जाणार?" असं विचारत होती. सगळं धरून सुट्ट्यांची झाली साधारण चार वर्षं. त्यात आपण क्वार्टरमध्ये एकत्र काढलेली तीन. एकवीस वर्षांत सात वर्षं नवरा. आणि ती सातातली चारही सुट्टीचीच. सुट्टीतला नवरा म्हणजे काय ते तुला वेगळं सांगू? पहिला आठवडा पाहुणा, मधले दिवस सण, आणि शेवटच्या तीन दिवसांत माणूस समोर असून नसतो. त्याच्याशी मी एकदाही पोटभर भांडलेले नाही. सुट्टीत कोण भांडतं? 'जाताना वाकडं नको' म्हणून सगळं गिळायचं. एकवीस वर्षांची गिळलेली भांडणं आहेत माझ्याजवळ.

गंमत ऐक. न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे मिळतात जाताना, 300 दिवसांपर्यंत. ह्यांनी फार खुशीत सांगितलं. मी म्हटलं, त्या दिवसांतले अर्धे माझे होते, माझा वाटा कुठल्या खात्यात जमा होणार? हसले. मीही हसले. पण मला तो आकडा झोपेत दिसतो.

कागदांचं म्हणशील तर सध्या घरात तेच चाललंय. तू सावध केलं होतंस, तरी मी अडकलेच. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेतल्या बायकामुलांच्या नोंदीत, माझं नाव लग्नानंतर लागलं तेव्हा कुणा बाबूनं इंग्रजीत एक 'ए' कमी घातला. एकवीस वर्षं तो 'ए' कुणाला लागला नाही. आता पेन्शनच्या कागदांत आधारवरचं नाव वेगळं आणि रेकॉर्डमधलं वेगळं. उद्या ह्यांच्यामागे पेन्शन माझ्याकडे यायची वेळ आली तर 'ए' असलेली बाई कोण नि नसलेली कोण, हे सिद्ध करत बसायचं मी. केलं अ‍ॅफिडेव्हिट. 'या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे' असं शपथेवर लिहून दिलं. सही करताना वाटलं, हे तरी मला कुठे नक्की माहीत आहे? क्वार्टरमधली, तुझ्या वरच्या मजल्यावर रडत बसणारी ती आणि आता मोटार चालवणारी, कर्जाच्या हप्त्यासाठी मॅनेजरशी वाद घालणारी ही.

धाकटीची जन्मतारीख नशिबानं जुळली. तुझ्या ओळखीत अजून कुणी असेल तर सांग त्यांना, पार्ट टू ऑर्डरची प्रत आत्ताच काढून बायकोचं आणि मुलांचं एक एक अक्षर आधारशी ताडून बघा. शेवटच्या वर्षासाठी ठेवू नका.

आणि बाई, पेन्शनच्या त्या ऑनलाइन कारभाराचं नाव 'स्पर्श' ठेवलंय. ज्यानं ठेवलं तो माणूस बायकोपासून कधी लांब राहिला नसणार.

बँकेत गेले होते जॉइंट खात्याचा फॉर्म भरायला. दोघांचा एकत्र फोटो लागतो, तो गेल्या सुट्टीत काढून ठेवला होता. लग्नानंतर आम्ही दोघंच असलेला हा बहुतेक दुसराच फोटो. फॉर्मवर एक चौकोन असतो, 'दोघांपैकी कोणीही किंवा उत्तरजीवी'. मला तो शब्द कळेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "म्हणजे मागे राहील ते." इतकी वर्षं ज्या विचाराला घरात पाऊल टाकू दिलं नाही, त्याच्यावर बॉलपेननं बरोबरची खूण करून आले. आणि खरं सांगू, काही वाटलं नाही. उलट हलकं वाटलं. ज्याची भीती होती ते आता सगळ्यांचं असतं तसंच असणार, म्हातारपणी, आपल्या वेळेनं.

अर्धी पेन्शन विकायची, म्हणजे तिचे एकरकमी पैसे आत्ताच घ्यायचे ठरवलीय. कर्ज फिटेल आणि धाकटीसाठी थोडं राहील. पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन परत सुरू होते, म्हणजे हे तेव्हा साठीला टेकलेले असतील. तुम्ही किती विकली होतीत? भाऊजींना विचारून कळव, पण लवकर. आणि ईसीएचएसच्या, माजी सैनिकांच्या औषधोपचाराच्या कार्डाचं थोरल्याला समजावून दिलंय, पंचविसाव्या वर्षापर्यंत, नाहीतर कमावता होईपर्यंतच. तो म्हणाला, "म्हणजे नोकरी लागली की आजारी पडायचं नाही." पोरगा ह्यांच्यावर गेलाय, असलं बोलून चेहरा सरळ ठेवतो.

आता माझ्या धास्तीचं.

भाऊजी आले तेव्हा तू फोनवर रडत रडत हसली होतीस, आठवतंय? पहाटे साडेचारला उठून त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि फ्रिजवर कोण केव्हा काय करणार याचा तक्ता. मी तेव्हा पोट धरून हसले होते. आता हसू येत नाही. या घराची घडी मी बसवलीय गं. सासरे गेले तेव्हा हे दोन दिवसांच्या वाटेवर होते. निर्णय मी घेतले. कुणाला बोलवायचं, किती वेळ थांबायचं, कधी उचलायचं. सगळी पुरुषमंडळी अंगणात माझ्या तोंडाकडे बघत होती. हे पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दारात बूट काढताना त्यांनी एवढंच विचारलं, "सगळं नीट झालं ना?" त्या दिवसापासून या घरात शेवटचा शब्द माझा. तो मी कधी मागितला नव्हता. आता तो द्यायचा का, आणि मला देता येईल का?

दुसरी धास्ती याच्या बरोबर उलटी. परवा म्हणाले, डीएससीचं विचारतोय, ते निवृत्त जवानांना परत घेणारं सुरक्षा दल. म्हणजे पेन्शन येऊन परत वर्दी! पुन्हा पोस्टिंग, पुन्हा सुट्टी, पुन्हा ती ट्रंक. मी एकदम ओरडलेच, "बस झालं!" पलीकडे शांतता. या वेळी नेटवर्क व्यवस्थित होतं. मग हळूच म्हणाले, "नको म्हणतेस?" एकवीस वर्षांत मला पहिल्यांदा विचारलं गेलं आणि माझं उत्तर आधीच देऊन झालं होतं.

बघ माझी तऱ्हा. इथे आले तर घडी मोडेल, गेले तर जीव जाईल.

बोलणं असं राहिलंय की सप्टेंबरमध्ये बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरला जातील, डिस्चार्जचे सोपस्कार तिथेच. जिथे 2001 मध्ये शपथेची कसम परेड केली त्याच मैदानावरून बाहेर पडणार. थोरला म्हणतो आणायला जाऊ. मी म्हटलं, नको, येऊ दे त्यांचे ते, नेहमी येतात तसे. मग वाटलं, नेहमीसारखे का? या वेळी तर जायचं तिकीट नाही. जाऊ बहुतेक.

कप्प्याचं सांगायचं राहिलं. गेल्या सुट्टीत मी मधला कप्पा रिकामा केला. नजरेसमोरचा. माझ्या साड्या खाली दाबल्या, कागद घातला, आणि ह्यांना म्हटलं, हा तुमचा. बराच वेळ बघत उभे राहिले. मग दाढीचं सामान नि दोन बनियनं ठेवली, कडेला, अगदी एका कोपऱ्यात, दुसऱ्याच्या घरी ठेवावीत तशी. निघायच्या दिवशी पाहिलं तर सवयीनं तीही ट्रंकेत भरून नेली होती. कागदावर ब्रशचा ओला डाग तेवढा राहिला.

काल कपाट उघडलं. माझ्या दोन साड्या वर येऊन त्या डागावर बसल्या आहेत. मीच ठेवल्या असणार, इस्त्रीहून आल्यावर. अजून काढलेल्या नाहीत.

तुझीच,
वरच्या मजल्यावरची

ता.क. तुम्ही तुमच्या ट्रंकेचं काय केलंत? माळ्यावर टाकलीत की अजून पलंगापाशीच आहे?