अनामत हे देणं असतं

महोदय,

जुलै लागला की साताऱ्याच्या बातम्यांत सेवा क्लबांच्या पदग्रहणाचे फोटो येऊ लागतात. रोटरी असो की लायन्स, त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष नवा, सचिव नवा, उपक्रमही नवे. त्या समारंभांना माझी हरकत नाही. मला लिहायचं आहे ते अशा क्लबांच्या पोटातून निघालेल्या लहान लहान सेवाकेंद्रांविषयी. त्यांचं काम जूनमध्ये संपत नाही.

मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होते. माझे यजमान एका क्लबाचे सभासद होते. क्लबाचं नाव लिहीत नाही, तिथली आजची माणसं वेगळी आहेत. आम्ही सभासदांच्या घरच्या आठ बायकांनी त्याच क्लबाच्या नावाखाली पोवई नाक्याजवळ एका गाळ्यात रुग्णोपयोगी साहित्य केंद्र काढलं. अकरा वॉकर, चार व्हीलचेअर, डोक्याकडून वर होणाऱ्या तीन कॉट, दोन एअरबेड, काही कमोड खुर्च्या. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सात गाळा उघडा. वॉकरला ३०० रुपये अनामत, कॉटला ३०००. वस्तू परत आली की पैसे परत. भाडं नाही.

कोरेगाव, रहिमतपूर, पार वडूजपासून लोक यायचे. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तीन महिने वॉकर लागतो, तो विकत घेऊन पुढे माळ्यावर टाकायचा कशाला? मेढ्याच्या एका मुलाने वॉकर परत आणला तेव्हा त्याच्या पायांची झिजलेली रबरी टोपणं त्याने स्वतः बदलून आणली होती. काही घरं अनामत परत घ्यायलाच तयार नसायची. "आईच्या नावाने राहू द्या," म्हणायची. तशी पावती मी वेगळी फाडायचे, कारण तोवर ती अनामत असते आणि त्या क्षणापासून देणगी होते. हा फरक माझ्या हाडात भिनलेला आहे.

पण आमचं बँक खातं वेगळं नव्हतं. सगळी रक्कम क्लबाच्याच खात्यात जायची. एका वर्षी जूनअखेरीला त्या खात्यातून मंगल कार्यालयाचं आणि जेवणावळीचं बिल भागवलं गेलं. कुणाच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. शिल्लक दिसली, वापरली. ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात पाच घरांनी कॉट आणि खुर्च्या परत आणल्या, तेव्हा अनामत परत द्यायला पैसे नव्हते. घरात माणूस गेल्याला पंधरा दिवस झालेल्या लेकाला "पुढच्या मंगळवारी या" असं सांगताना मला जी शरम वाटली, ती आजही जात नाही. अखेर आम्ही आठ जणींनी घरखर्चातून ती रक्कम उभी केली.

अनामत ही क्लबाची मिळकत नव्हे, ते देणं आहे. आणि लोकांकडून मदतीसाठी गोळा केलेला पैसा लोकांनाच लागला पाहिजे. लायन्सच्या नियमांत तर हे स्पष्टच आहे. क्लबाच्या कारभाराचं खातं वेगळं, सेवेचं वेगळं, आणि जनतेकडून जमवलेला पैसा कारभाराच्या खर्चाला वापरायचा नाही. नियम आहे, तो गावागावांत पाळला जातो का, एवढंच विचारायचं.

दुसरी गोष्ट सातत्याची. रोटरीच्या फाउंडेशनची, म्हणजे कायमच्या सेवानिधीची, कल्पना तिचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली मांडली, पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरची होती. त्या निधीला पुढे स्वतःचे विश्वस्त मिळाले. पोलिओचं काम १९८५ साली हाती घेतलं. दर जुलैला जागतिक अध्यक्ष बदलत राहिले, काम बदललं नाही. भारतात शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेसोबत रोटरी तोवर टिकून राहिली. दरवर्षी नवा फलक लावायचा असता तर हे झालं असतं का?

इतकं लांब कशाला जायचं? फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. त्याच चळवळीतून भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. मुठी-मुठीने धान्य गोळा केलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. चळवळीचे दिवस मागे पडले, पण संस्था चालूच आहे, कारण तिला स्वतःचं घर होतं आणि स्वतःचा हिशेब होता. लक्ष्मीबाईंचं सोनं कुठे गेलं हे विचारायची वेळ कुणावर आली नाही.

म्हणून प्रत्येक क्लबाला माझी विनंती आहे. केंद्र वर्षभराहून जास्त चालणार असेल तर त्याचा न्यास धर्मादाय कार्यालयात वेगळा नोंदवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली त्याचे हिशेब तपासून घ्यावेच लागतात, ते ओझं समजू नका. विश्वस्तांत सगळे माजी अध्यक्षच नकोत. जे प्रत्यक्ष गाळा उघडतात त्यांतले निदान दोघे असू द्या. आणि अनामतीचं खातं पूर्णपणे निराळं ठेवा, त्यावर चेक काढायला दोन सह्या लागू द्या, त्यातली एक केंद्रातल्या माणसाची.

त्या ऑगस्टनंतर आम्ही खातं वेगळं केलं. माझ्या हातची तिसरी खतावणी आता एक तरुण सून लिहिते.

आपल्यालाही एक विनंती. पदग्रहणाची बातमी छापताना मावळत्या अध्यक्षांकडून एक ओळ मागून घ्या: सेवेसाठी किती जमलं, किती खर्च झालं आणि अनामतीपोटी आज किती देणं आहे. ती ओळ फोटोखाली छापा.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
शाहूपुरी, सातारा